सोनं लंडनला गेलं, ढिगारे गावात राहिले

केजीएफ म्हटलं की आपल्याला यश आठवतो, त्याचा हातोडा आठवतो आणि काळीकुट्ट खाण आठवते. पहिला सिनेमा २०१८ ला आला, दुसरा २०२२ ला. आपल्याकडच्या पोरांच्या बाईकवर ती तीन अक्षरं अजून दिसतात. पण त्या अक्षरांचं खरंखुरं गाव आहे, हे पुष्कळांना माहीत नाही. कोलार गोल्ड फील्ड्स. कर्नाटकात, बंगळुरूपासून शंभरेक किलोमीटरवर. तिथे रॉकी नव्हता. पण जे होतं आणि आज जे उरलंय, ते सिनेमापेक्षा आपल्या जास्त कामाचं आहे.

कामाचं का, तर आपण खाणपट्ट्यात राहतो. वणी, घुग्घुस, माजरी, बल्लारपूर, राजुरा. आपल्या घराघरात कोणी ना कोणी वेकोलित आहे, नाहीतर ठेकेदाराकडे आहे, नाहीतर त्यांच्या पगारावर चालणाऱ्या दुकानात आहे. कोळसा संपेल तेव्हा काय, असं विचारलं की लोक हसतात. "आपल्या हयातीत संपत नाही भाऊ," म्हणतात. केजीएफमध्येही लोक हेच म्हणायचे. एकशेवीस वर्षं चाललेली खाण होती ती. आजा खाणीत, बाप खाणीत, पोरगा खाणीत. आणि २८ फेब्रुवारी २००१ ला ती बंद झाली.

पोस्ट लांब आहे. चहा घेऊन वाचा, पण शेवटपर्यंत वाचा.

सुरुवातीपासून सांगतो. टिपू सुलतान १७९९ ला पडला आणि इंग्रजांनी म्हैसूरच्या सीमा मोजायला माणसं पाठवली. त्यातल्या लेफ्टनंट जॉन वॉरनच्या कानावर १८०२ मध्ये आलं, की या भागातल्या मातीत सोनं सापडतं. त्याने बक्षीस जाहीर केलं. गावकरी बैलगाड्यांत माती भरून घेऊन आले, त्याच्यासमोर धुतली आणि तळाशी सोन्याचे कण चमकले. म्हणजे सोनं इंग्रजांनी 'शोधलं' हे अर्धसत्य. तिथले लोक ते आधीपासून काढत होते, जुने खड्डेही होते. वॉरनने फक्त ते कागदावर आणलं.

तो कागद सत्तर वर्षं पडून राहिला. मग मायकेल लॅव्हेल नावाचा एक निवृत्त आयरिश सैनिक बंगळुरूत येऊन राहिला. न्यूझीलंडच्या लढाईत तो होता, आणि सोन्याचं वेड त्याला तिथेच लागलं म्हणतात. वॉरनचा अहवाल वाचून १८७१ मध्ये तो बैलगाडीने कोलारकडे निघाला. १८७३ मध्ये त्याने म्हैसूर सरकारकडे अर्ज केला आणि १८७५ मध्ये त्याला परवाना मिळाला. पण खाण खणायची म्हणजे पैसा लागतो, तो त्याच्याकडे नव्हता. हक्क दुसऱ्यांकडे गेले आणि १८८० मध्ये लंडनची जॉन टेलर अँड सन्स ही कंपनी आली. बंगळुरूत आज जो महागडा लॅव्हेल रोड आहे ना, तो याच लॅव्हेलच्या नावाचा.

पहिली चार-पाच वर्षं फार काही हाती लागलं नाही. भागधारकांचे पैसे संपत आले होते. आणि १८८० च्या दशकाच्या मध्याला सोन्याची मुख्य शीर सापडली, चॅम्पियन लोड. तिच्यावर म्हैसूर माइन, चॅम्पियन रीफ, उरगाम आणि नंदीदुर्ग अशा मोठ्या खाणी उभ्या राहिल्या. माळरानावर गाव वसलं. १८९४ पर्यंत बंगारपेटहून मारिकुप्पमपर्यंत रेल्वेचा फाटा आला. बेतमंगलच्या तलावातून पाणी आलं.

आणि १९०२ मध्ये वीज आली. हे नीट वाचा. कावेरीवर शिवनसमुद्र इथे जलविद्युत केंद्र बांधलं आणि तिथून जवळजवळ १४७ किलोमीटर तारा ओढून वीज केजीएफला नेली. त्या काळी जगातल्या सगळ्यात लांब वीजवाहिन्यांत तिची गणना होत होती. बंगळुरू शहरात वीज आली १९०५ ला, म्हणजे तीन वर्षांनी. राजधानीच्या आधी खाणीला. आपल्या भागात औष्णिक केंद्राच्या धुराड्याखाली राहून लोडशेडिंग सोसलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. वीज कुठे जाते हे कारखाना ठरवतो, हे तेव्हापासूनचं आहे.

आता खोली बघा. चॅम्पियन रीफची खाण जमिनीखाली तीन किलोमीटरच्याही पुढे, सुमारे ३.२ किलोमीटरपर्यंत गेली. आपलं कळसूबाई शिखर १६४६ मीटर. दोन कळसूबाया एकावर एक ठेवा आणि तेवढं खाली जा. जगातल्या सर्वांत खोल खाणींपैकी ही एक होती. एवढ्या खोलवर खडकाचंच तापमान साठ अंशांच्या वर जातं. आपण मे महिन्यात पंचेचाळीस झालं की घराबाहेर पडत नाही. तिथे थंड हवा वरून यंत्राने खाली सोडायची आणि माणसाने त्यात आठ तास काम करायचं.

शिवाय वर तीन किलोमीटर डोंगराएवढं वजन. खाली पोकळी झाली की ताणलेला खडक बंदुकीसारखा फुटायचा. याला 'रॉक बर्स्ट' म्हणतात. मोठा फुटला की वर गावातली घरं हलायची. खाली कोणाचा माणूस पाळीत आहे, एवढाच विचार तेव्हा वरच्या बाईच्या मनात येत असणार. या फुटण्याचा अभ्यास करता करता तिथे एक पूर्ण राष्ट्रीय संस्थाच उभी राहिली, १९८८ मध्ये, खडकांच्या यांत्रिकीची. आज देशातल्या बोगद्यांना आणि धरणांना त्या अभ्यासाचा उपयोग होतो.

याच खोलीचा दुसरा फायदा मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने घेतला. अवकाशातून येणाऱ्या किरणांचा मारा इतक्या जाड खडकातून खाली पोचत नाही. न्यूट्रिनो नावाचे अतिसूक्ष्म कण मात्र पोचतात. म्हणून आपल्या शास्त्रज्ञांनी जपान आणि इंग्लंडच्या सहकाऱ्यांबरोबर खाणीत दोन किलोमीटरहून खोल उपकरणं मांडली, आणि १९६५ मध्ये वातावरणात तयार होणाऱ्या न्यूट्रिनोंची नोंद घेतली. जगात पहिल्यांदा ज्यांनी ती घेतली त्यांच्यात हे लोक होते. एका पिंजऱ्यातून खाणकामगार खाली जायचे, त्याच पिंजऱ्यातून शास्त्रज्ञ. सिनेमा खरं तर यावर निघायला हवा होता.

आता खाली जाणाऱ्या माणसांकडे येऊ.

साहेब लोकांत बरेच जण इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागातले होते. त्यांच्याकडच्या तांब्याच्या आणि कथलाच्या खाणी मंदावल्या म्हणून ते जगभर पांगले, त्यातले काही इथे आले. म्हणजे केजीएफचे मुकादमसुद्धा एका संपलेल्या खाणपट्ट्यातूनच आले होते! त्यांच्यासाठी बंगले, क्लब, गोल्फचं मैदान, चर्च. हवा थंड. 'लिटल इंग्लंड' म्हणायचे त्या भागाला.

आणि मजूर आले ते बहुतेक तमिळ मुलखातून, उत्तर आर्काट, सेलम या बाजूने, शिवाय चित्तूरकडचे तेलुगू. त्यातले फार मोठ्या संख्येने दलित. गावाकडे जमीनदाराच्या शेतात वेठीला राबण्यापेक्षा खाणीचा अंधार बरा, म्हणून आलेले. एके काळी तीस हजारांच्या आसपास माणसं या खाणींत होती. त्यांना राहायला तट्ट्याच्या झोपड्या मिळाल्या. बांबूचा तट्टा आपण म्हणतो तोच, तिथेही शब्द तोच आहे. पुढे एका खोलीच्या लायनी झाल्या. आपल्या जुन्या कॉलरीतल्या धावड्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना वेगळं सांगायला नको.

धूळ तर विचारूच नका. सोन्याचा खडक म्हणजे गारगोटी, सिलिका. ती फुफ्फुसात बसली की निघत नाही. १९४० ते १९४६ या काळात साडेसात हजारांवर कामगार तपासले, त्यात ४३ टक्क्यांहून जास्त जणांना सिलिकोसिस निघाला. दर दहा माणसांत चार! आजही डॉक्टरकीच्या पुस्तकात सिलिकोसिसचा भारतातला इतिहास कोलारपासून सुरू होतो.

माणसं गप्प बसली असं नाही. १९३० मध्ये कंपनीने प्रत्येक कामगाराच्या बोटांचे ठसे घेऊन नोंदणी करायचं ठरवलं. आम्ही चोर आहोत का, म्हणत खाणी ठप्प झाल्या. एकवीस दिवस संप चालला. तोपर्यंत तिथे नाव घेण्यासारखी मोठी युनियनही नव्हती.

त्याच्याही आधीची एक गोष्ट आपल्याकडच्या लोकांना मुद्दाम सांगतो. बाबासाहेबांनी १९५६ च्या ऑक्टोबरमध्ये नागपूरला आणि लगेच चंद्रपूरला धम्मदीक्षा दिली, हे आपल्या भागात पोराटोराला माहीत आहे. पण त्याच्या जवळपास पन्नास वर्षं आधी, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, तमिळ विचारवंत अयोती दास यांच्या बौद्ध संघाची शाखा केजीएफच्या मारिकुप्पममध्ये चालत होती. दिवसभर जमिनीखाली राबणारे दलित कामगार संध्याकाळी बुद्धावर व्याख्यानं ऐकत होते, तमिळमध्ये पुस्तकं छापून घेत होते. खाणीने त्यांना गावच्या जमीनदारापासून सोडवलं आणि हातात थोडा रोख पैसा दिला. त्या पैशातून त्यांनी स्वाभिमान विकत घेतला. खाणीचा इतिहास सांगताना हेही सांगायला पाहिजे. ती नुसती राक्षसीण नव्हती. तिने माणसं मोडली तशी उभीही केली.

पण जात तिने सोडवली नाही. त्याचा पुरावा बेझवाडा विल्सन. डोक्यावरून मैला वाहण्याच्या प्रथेविरुद्ध देशभर लढणारा, २०१६ चा मॅगसेसे पुरस्कार मिळालेला हा माणूस केजीएफचा. जन्म १९६६. त्याच्या घरातले लोक खाण वसाहतीतले टोपलीचे संडास साफ करायचे. लढा त्याने आपल्या गावापासूनच सुरू केला. हिशोब करा. १९०२ मध्ये १४७ किलोमीटरवरून वीज आणणारं गाव. तीन किलोमीटर खाली थंड हवा पोचवणारं गाव. त्याच गावात विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत माणूस माणसाचा मैला उचलत होता. यंत्रं नव्हती, पैसा नव्हता, असं कारण इथे चालत नाही. जिथे सोनं होतं तिथवर सुधारणा गेली. लायनीपर्यंत यायचं तिला कारण नव्हतं.

आता बंद कशी पडली ते.

स्वातंत्र्यानंतर १९५६ मध्ये म्हैसूर सरकारने खाणी ताब्यात घेतल्या, १९६२ मध्ये त्या केंद्राकडे गेल्या आणि १९७२ मध्ये भारत गोल्ड माइन्स लिमिटेड ही सरकारी कंपनी झाली. पण मलई तोपर्यंत संपली होती. सुरुवातीच्या चांगल्या वर्षांत एक टन खडकातून चाळीस ग्रॅमच्या वर सोनं निघायचं. शेवटी शेवटी तीन-चार ग्रॅम. तेवढ्यासाठी तीन किलोमीटर खाली जायचं, पाणी उपसायचं, हवा थंड करायची. खर्च वाढत गेला, सोनं घटत गेलं. १९९२ मध्ये कंपनी आजारी उद्योगांच्या मंडळाकडे, म्हणजे बीआयएफआरकडे गेली. कामगार म्हणत होते, आम्हाला चालवायला द्या. ते कोर्टातही गेले. पण २००१ च्या फेब्रुवारीत टाळं लागलं. एकशेवीस वर्षांत सुमारे आठशे टन सोनं निघालं होतं. इंग्रजांच्या काळातलं बहुतेक सोनं लंडनला गेलं.

तेव्हा दहा ग्रॅम सोन्याचा भाव साडेचार हजारांच्या आत होता. आज लाखाच्या पुढे आहे. केजीएफच्या म्हाताऱ्यांशी बोललात तर हा हिशोब ते पहिल्या पाच मिनिटांत मांडतात. मलाही मांडला. मी तिथे एकदा गेलो, बंगळुरूहून मारिकुप्पमच्या गाडीने. सकाळी उलट्या दिशेची गाडी पाहिली तर चक्क लोकल ट्रेन वाटावी एवढी खच्चून भरलेली. ज्या गावात एके काळी परमुलखातून माणसं कामाला यायची, तिथली पोरं आता रोज पहाटे उठून बंगळुरूला कामाला जातात. मॉलमध्ये सिक्युरिटी, हॉस्पिटलात, कारखान्यात, कॉल सेंटरमध्ये. रात्री परत.

तेव्हा 'ओसाड गाव' म्हणून जे व्हिडिओ फिरतात ते अर्धेच खरे. ओसाड आहे ती खाण. शाफ्टवरचे लोखंडी मनोरे उभे आहेत, त्यांची मोठी चाकं थांबलेली. पंप बंद झाल्यावर खालचे बोगदे पाण्याने भरले. कंपनीचं मोठं हॉस्पिटल बंद. बंगल्यांची छपरं गेलेली, भिंतींतून पिंपळ निघालेला. पण लायनी भरलेल्या आहेत. त्याच एका खोलीच्या लायनी. दारात रांगोळी, आत टीव्ही, भिंतीवर खाणीतल्या आजोबांचा फोटो. माणसं कुठेही गेलेली नाहीत. जायला जागाच नाही. चार पिढ्यांपूर्वी ज्या गावाहून आले तिथे आता ओळखणारं कोणी नाही.

त्यांना काय मिळालं? नोकरी संपल्याची एकरकमी रक्कम मिळाली, ती लग्नांत, आजारपणात, कर्जात गेली. क्वार्टर आपल्या नावावर करा, ही मागणी वर्षानुवर्षं चालली. कारण जमीन कंपनीची, घर कंपनीचं, पाण्याचा नळ कंपनीचा, दिवा कंपनीचा, दवाखाना कंपनीचा. नगरपालिका होती, पण खाण वसाहतीचा कारभार कंपनीकडेच होता. कंपनी गेली त्या दिवशी नळाला मालक राहिला नाही.

आणि ढिगारे. केजीएफचं सगळ्यात मोठं दृश्य तेच. सोन्याचा खडक पिठासारखा दळायचा, आधी पाऱ्याने, मग १८९० च्या दशकापासून सायनाईडने त्यातलं सोनं काढायचं आणि उरलेलं पीठ बाहेर टाकायचं. एकशेवीस वर्षांचं पीठ. असे तेरा ढिगारे आहेत, तीन कोटी टनांहून अधिक मालाचे. पिवळसर, करडे, पावसाने चरे पडलेले. लोक त्यांना सायनाईडचे डोंगर म्हणतात. यशच्या सिनेमाचं शूटिंग तिथेच झालं. सायनाईड उन्हापावसात बरंचसं विरून जातं, पण ती बारीक धूळ विरत नाही. वाऱ्याच्या दिवसांत ती लायनीत येते. भाताच्या ताटात, पाण्याच्या भांड्यात, छातीत. खाणीत उतरला नाही त्याच्याही छातीत.

त्या ढिगाऱ्यांत थोडं थोडं सोनं अजून आहे. आता भाव लाखाच्या वर गेल्यावर त्याची आठवण झाली. २०२४ मध्ये कर्नाटकच्या मंत्रिमंडळाने ते पुन्हा काढायला मान्यता दिली. मध्ये एकदा बंगळुरूचा कचरा या जुन्या खड्ड्यांत आणून टाकायचीही चर्चा झाली होती, लोकांनी विरोध केला. बघा, दोन्हीकडून हिशोब एकच. गावातून काय काढता येईल आणि गावात काय टाकता येईल.

एक गोष्ट मात्र तिथे शहाणपणाची झाली. सरकारने १९६४ मध्ये बीईएमएलचा कारखाना उभारला, तो केजीएफमध्ये. खाण चालू असतानाच. आपल्या ओपनकास्टमध्ये जे बीईएमएलचे डोझर माती ढकलताना दिसतात, त्या कंपनीचं हे जुनं घर. खाण बंद झाल्यावर गावाला जो थोडाफार आधार राहिला त्यात हा कारखाना होता. एकट्याच्या जिवावर सगळं गाव तगलं नाही, पण तो नसता तर काय झालं असतं याचा विचार करा. दुसरा उद्योग पहिला जिवंत असतानाच आणावा लागतो. पहिला मेल्यावर त्या गावात कोणी येत नाही.

आता आपल्याकडे.

खाण बंद होणं आपल्याला नवीन नाही, आपण विसरलोय एवढंच. वरोऱ्याला इंग्रज सरकारची कोळसा खाण होती, एकोणिसाव्या शतकात. वर्ध्याहून वरोऱ्यापर्यंत रेल्वे आली ती या कोळशासाठी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती खाण बंद पडली. वरोरा टिकलं, कारण ते खाणीच्या आधीपासून गाव होतं. शेती होती, कापसाचा बाजार होता, तालुक्याचं ठिकाण होतं. खाण त्या गावाची पाहुणी होती. केजीएफचं उलट. तिथे गावच खाणीचं पाहुणं होतं.

तुमचं गाव यातलं कोणतं, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारावा. काही गावं वरोऱ्यासारखी आहेत, ती निभावतील. पण ज्यांची शेतजमीन पूर्ण संपादित झाली आणि जिथे आज कॉलनी, शॉपिंग सेंटर आणि ठेकेदाराची कॅम्प यापलीकडे काही नाही, त्यांचं काय? भूमिगत खाणी बंद होत आल्याच आहेत. ओबीचे मातीचे डोंगर आपल्या क्षितिजावर आहेतच, दरवर्षी एक नवा. आपल्याकडे सायनाईड नाही, हे नशीब. पण धूळ आहे, खचणारी जमीन आहे, आटलेल्या विहिरी आहेत.

फरक एवढाच, की केजीएफच्या माणसांना जे माहीत नव्हतं ते आपल्याला माहीत आहे. आणि त्यांच्याकडे नव्हते असे दोन कागद आपल्याकडे आहेत. पहिला, खाण बंद करण्याचा आराखडा. कोळसा मंत्रालयाच्या २००९ च्या मार्गदर्शक सूचनांपासून प्रत्येक कोळसा खाणीला तो करावा लागतो, आणि त्यासाठी दरवर्षी ठरावीक पैसा वेगळ्या एस्क्रो खात्यात भरावा लागतो. दुसरा, जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी. २०१५ पासून रॉयल्टीच्या प्रमाणात हा पैसा खाणबाधित गावांसाठी जिल्ह्यातच राहतो. त्यातून किती ठिकाणी सिमेंट रस्ते, कमानी आणि सौंदर्यीकरण झालं, हे तुम्ही रोज बघता.

तर पुढच्या ग्रामसभेत, नाहीतर युनियनच्या बैठकीत, एवढं विचारा:

१) आपल्या खाणीचा बंद करण्याचा आराखडा कुठे आहे? मराठीत आहे का? त्यात बंद होण्याचं वर्ष कोणतं लिहिलंय?

२) एस्क्रो खात्यात आजवर किती जमा झाले, आणि त्यातून आतापर्यंत काय काम झालं?

३) मातीचे ढिगारे परत खड्ड्यात जाणार की तिथेच राहणार? राहणार असतील तर झाडं कोण लावणार, आणि ती जगली का हे कोण बघणार?

४) कॉलनीचे क्वार्टर, दवाखाना, शाळा, पाण्याची टाकी, रस्त्यावरचे दिवे खाण बंद झाल्यावर कोणाच्या ताब्यात? ग्रामपंचायतीच्या? मग लाईटबिल कोण भरणार?

५) खनिज निधीतून असा एक तरी उद्योग उभा राहिलाय का, जो कोळशाशिवाय चालेल?

ठेकेदारी कामगारांनी एक जास्तीचं विचारावं. केजीएफमध्ये कायम कामगाराला शेवटी रक्कम तरी मिळाली. तुमचं नाव कोणत्या रजिस्टरात आहे? पीएफ कोणत्या खात्यात जातो? हे आज शोधायला अवघड जात असेल, तर ठेकेदार गेल्यावर कुठे शोधणार?

हे विचारलं म्हणजे आपण खाणीच्या विरोधात आहोत असं होत नाही. माझ्या ओळखीतली अर्धी पोरं याच पगारावर शिकली. कोळसा निघतोय तोवर कंपनीला गावाची गरज आहे. जमीन पाहिजे, रस्ता पाहिजे, ग्रामसभेचा ठराव पाहिजे. तेव्हाच आपलं ऐकलं जातं. शेवटचा ट्रक निघून गेल्यावर आपण फक्त निवेदन देणारे लोक उरतो. केजीएफचे लोक पंचवीस वर्षं निवेदनं देतायत. ते आपल्यापेक्षा जास्त संघटित होते, जास्त लढलेले होते, तरी. कारण त्यांनी विचारायला सुरुवात केली तेव्हा देण्यासारखं सोनं खाली उरलं नव्हतं.

ज्यांच्या गावच्या खाणीचा आराखडा कोणी पाहिला असेल, किंवा माहितीच्या अधिकारात मागवला असेल, त्यांनी खाली लिहा. नसेल मागवला तर अर्ज कसा करायचा ते मी सांगतो, दहा रुपयांचं काम आहे. आणि ही पोस्ट त्या पोराला नक्की पाठवा, ज्याच्या बाईकवर केजीएफ लिहिलंय.